नमुन्याचा नळ

३ फेब्रुवारी, मंगळवार

"बाई, या रंगवाल्यांची बाटली घासावीच लागत नाही बघा!" — मावशी आज सहज बोलून गेल्या.

मावशी आमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतात. वीस वर्षं झाली. कातडी कमावणाऱ्या कारखान्याची बाटली त्या नाकाला फडकं बांधून धुतात, साबणवाल्यांची तीनदा धुतात आणि प्रत्येक वेळी त्यांच्या मालकांचा उद्धार करतात. रंगाच्या कारखान्याची मात्र नुसती विसळून पालथी घालतात. मी हसले. आणि मग हसता हसता थांबले.

रंगाचा कारखाना. भिंतींचा, दारांचा, गाड्यांचा रंग. त्याचं सांडपाणी असं की बाटली घासावी लागत नाही?

तळाशी थोडं पाणी उरलं होतं. त्यात औषधाचे दोन थेंब टाकले. गुलाबी! पिण्याच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात, ते असलं की या थेंबांनी पाणी गुलाबी होतं. कारखान्याच्या गटारात हे क्लोरीन कुठून आलं?

नळातून. दुसरं कुठून येणार!

अकरा वर्षं दर सहा महिन्यांनी या कारखान्याच्या अहवालावर माझी सही असते. "सर्व घटक मर्यादेत." म्हणजे अकरा वर्षं मी नळाचं पाणी तपासून नळाच्या पाण्याला पास करते आहे. शाबास!

४ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस वाईट नाही. फक्त कुठल्याही गोष्टीकडे बघायच्या आधी चष्मा पुसतात, आणि पुसतच राहतात.

"पाणी स्वच्छ आलंय ना? मग तक्रार कसली?"

"साहेब, ते सांडपाणीच नाही. त्यात क्लोरीन आहे."

"फॉर्मात क्लोरीनचा रकाना आहे का?"

नाही. सतरा रकाने आहेत. शिसं आहे, क्रोमियम आहे, तेल आहे, रंग आहे, गढूळपणा आहे. पाणी नळाचं आहे का, हे विचारणारा रकाना नाही. फॉर्म करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसेल. किंवा आलं असेल!

८ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे गेले होते. कारखान्याच्या खालच्या अंगाला ओढा आहे, ओढ्याच्या काठाला ताईची वस्ती. भावोजी गेल्यावर शिवणकाम करून तिने दोन खोल्या बांधल्या. एक खोली झाली, मग चार वर्षांनी दुसरी. आता ती, तिची सून आणि सात वर्षांची नात. मुलगा बोटीवर.

"आज विटकरी आहे," ताई ओढ्याकडे हात करून म्हणाली. "मंगळवारी निळा होता. परवा असा हिरवागार, की नात म्हणते आजी, याच कापडाचा फ्रॉक शिव."

हसली. मला हसू आलं नाही. नातीच्या कोपरांना चट्टे उठलेत, खाजवून खाजवून रक्त काढते. शाळेत बाई म्हणाल्या, हिचं लक्ष राहात नाही, कालचं आज विसरते. पिण्याचं पाणी हातपंपाचं. हातपंप ओढ्यापासून वीस पावलांवर.

म्हटलं, "ताई, आमच्याकडे चला सगळ्या."

"आणि मशीन कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?" म्हणाली. विषय संपला. ताईचा विषय एकदा संपला की संपला.

वस्तीच्या तोंडाशी भिंतीवर नवी पाटी रंगवली आहे. "परिसर स्वच्छ ठेवणे ही आपलीच जबाबदारी." खाली लहान अक्षरात — सौजन्य, आणि कारखान्याचं नाव. रंग मात्र झकास, चकचकीत! शेजारच्या म्हातारीला भाजीची देठं ओढ्यात टाकली म्हणून गेल्या आठवड्यात दंड झाला. भाजीची देठं! विटकरी पाण्यात हिरवी देठं तरंगली असतील, तेवढी बरी दिसली दंड करणाऱ्यांना.

मार्चमध्ये कारखान्याच्या परवान्याची सुनावणी आहे. मिळाला तर आणखी दहा वर्षं, आणि उत्पादन दुप्पट. दहा वर्षांत नात सतरा वर्षांची होईल. हेच पाणी पिऊन.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नमुने गोळा करायला जो फिरतो, त्याला ऑफिसात सगळे हो-हो म्हणतात. काहीही विचारा, आधी "हो-हो".

"रंगवाल्यांकडे नमुना कुठून घेता?"

"हो-हो. नळातून."

"कुठल्या नळातून?"

"नमुन्याच्या नळातून, मॅडम."

नमुन्याचा नळ! असा काही नळ असतो हे मला नोकरीच्या सव्विसाव्या वर्षी कळलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हो-होबरोबर गेले. नमुना घ्यायला नव्हे, "नमुन्याची जागा पाहणे" असं कारण लिहून. प्रयोगशाळेतल्या माणसाने बाहेर जायचं नाही असा कुठे नियम नाही. कुणी जात नाही, इतकंच.

पाहिला तो नळ. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला पांढरा चौथरा. त्यावर स्टीलचा नळ, वर छप्पर, बाजूला बेसिन, साबण, नॅपकिन. पाटी — "शासकीय नमुना येथून घ्यावा." देवाशपथ, हेच शब्द! बाजूला दोन कुंड्यासुद्धा.

मॅनेजर धावत आला. तरुण आहे, गोड बोलतो. "मॅडम, पूर्वी अधिकाऱ्यांना गटाराशी वाकावं लागायचं. कपडे खराब व्हायचे, एक जण तर घसरून पडले होते. म्हणून आम्ही सोय केली."

"पाइप कुठून येतो?"

"मागून."

मागे गेले. तो माझ्या मागे, हो-हो त्याच्या मागे. पाइप भिंतीत शिरतो आणि पलीकडे कँटीनच्या पाण्याच्या टाकीतून बाहेर पडतो. टाकीवर लिहिलंय — पिण्याचे पाणी. लपवायचीही तसदी घेतलेली नाही! कुणी मागे जाऊन बघणारच नाही, ही खात्री. आणि अकरा वर्षं ती खरी ठरली.

हो-होकडे बघितलं. तो कुंडीकडे बघत होता.

खरं गटार बॉयलरच्या मागे. लोखंडी झाकण, त्याला दोन कुलुपं. "किल्ली?" "किल्लीवाला रजेवर आहे, मॅडम." झाकणाच्या फटीतून असा दर्प येत होता की डोळ्यांना पाणी आलं.

निघताना मॅनेजर म्हणाला, "शेवटी प्रदूषण कमी करणं ही आपल्या सगळ्यांचीच जबाबदारी आहे."

१४ फेब्रुवारी, शनिवार

"सगळ्यांचीच." कालपासून हा शब्द डोक्यातून जात नाही. भांडी घासताना, दात घासताना, सगळीकडे तो मॅनेजर आणि त्याचं "सगळ्यांचीच"!

मी घरात ओला कचरा वेगळा ठेवते, सुका वेगळा. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालते, हे त्यावरून चिडवतात — "आज पिशव्यांना इस्त्री नाही का?" करतेच मी माझं. ताई करते. देठांचा दंड भरणारी म्हातारी करते. आणि ज्याच्या एका झाकणाखालून एका दिवसात एवढी घाण जाते, जेवढी आमची अख्खी आळी जन्मभरात करणार नाही, तोही "सगळ्यांत" येऊन उभा राहतो, आमच्या खांद्यावर हात टाकून! आणि सरकार? सरकार फोटो काढतं.

सगळ्यांची म्हटलं की कुणाचीच नाही. एवढं साधं आहे. कारखान्याने घाण करायची नाही आणि सरकारने ती करू द्यायची नाही. याला भिंतीवर पाटी कशाला लागते?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

टिपण लिहिलं. तीन पानं. नळ, टाकी, कुलूप, सगळं. साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून समोर बसले. तुम्ही वाचेपर्यंत मी हलणार नाही, म्हटलं.

चष्मा पुसला. वाचलं. पुन्हा पुसला.

"फेरतपासणी लावू. पण आठ दिवस आधी पत्र द्यावं लागेल."

"मग उपयोग काय? चोराला सांगून जायचं?"

"न सांगता गेलो तर ते कोर्टात जातात. दोनदा झालंय. दोन्ही वेळा आपण हरलो." आवाज एकदम उतरला. "बाई, तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही?"

इतक्या वर्षांत प्रथमच ते असं बोलले. मग म्हटलं, ठीक आहे, पत्र द्या. पण त्याच दिवशी ओढ्याचाही नमुना घेऊ आणि वस्तीतल्या हातपंपाचाही. पंचनाम्यासकट, सीलबंद, सरकारी. ओढ्याला पत्र द्यावं लागत नाही ना?

साहेब चक्क हसले. सही केली!

१८ फेब्रुवारी, बुधवार

मावशींना सांगितलं. म्हणाल्या, "ओढ्याची बाटली मी घासणार नाही. तशीच ठेवू. दाखवायला."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

फेरतपासणी. कारखाना आठ दिवस "वार्षिक दुरुस्तीसाठी" बंद! आज सकाळीच सुरू झाला. किल्लीवाला हजर, इस्त्रीचे कपडे घालून. दोन्ही कुलुपं उघडली, झाकण उचललं, खाली खळखळ वाहतंय — स्वच्छ पाणी. तळाच्या विटा मोजून घ्याव्यात इतकं स्वच्छ. मॅनेजर म्हणाला, "बघा मॅडम, उगीच गैरसमज." मी बाटली भरली आणि तिथेच थोड्या पाण्यात थेंब टाकले. गुलाबी. सगळ्यांसमोर. मॅनेजर म्हणाला, "सुंदर रंग आहे." रंगवालाच तो!

मग ओढा. दगडांना, काठाच्या चिखलाला सगळे रंग चिकटलेले, आठ दिवसांत ते कुठे जाणार? ओढ्याची बाटली भरली, हातपंपाची भरली. ताईच हापसत होती, सून शेजारी उभी. वस्तीतली पाचपन्नास माणसं गोळा झाली. कुणीतरी विचारलं, "आता काय होणार?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आता कागदावर येईल."

२ मार्च, सोमवार

आकडे आले.

हातपंपात शिसं. मर्यादेच्या नऊपट. मशीन बिघडलं असेल म्हणून दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. नऊपटच.

शिशाने लहान मुलांचं काय होतं हे मला पाठ आहे. पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय, त्या उत्तराला चांगले गुण मिळाले होते. मुलं विसरायला लागतात. लक्ष राहात नाही.

भांडारघरात जाऊन रडले. मावशी आल्या, दार लावून घेतलं आणि बाहेर स्टूल टाकून बसल्या.

ताईला फोन केला. "ते पाणी पिऊ नका. उकळूनसुद्धा नाही." पलीकडे शिवणाचं मशीन थांबल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "मी तर तिला जास्त प्यायला लावते गं. उन्हात खेळून येते म्हणून."

५ मार्च, गुरुवार

दोन अहवाल सहीला आले.

एक कारखान्याचा — सतराही रकाने मर्यादेत. दुसरा ओढ्याचा आणि हातपंपाचा — शिसं, क्रोमियम, नुसतं जहर.

पहिल्याच्या समासात मी लिहिलं होतं, "नमुन्यात क्लोरीन आढळले. हे सांडपाणी नसून नळाचे पाणी असावे." टंकलेखन विभागातून परत आलं. लाल शाईत शेरा — "समासात लिहू नये." नवीन प्रत काढून पाठवली आहे. समास कोरा!

सही करू की नको? दुपारभर पेन हातात. पण आकडे खोटे नाहीत. त्या बाटलीत जे होतं तेच मी लिहिलं. आकड्यांशी मी कधी बेइमानी केली नाही, आता करून कसं चालेल? आणि एकावर सही केली नाही, तर दुसऱ्यावरच्या सहीला कोण विचारणार? "या बाई सोयीप्रमाणे सही करतात" म्हणतील.

शिवाय दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले की शेंबडं पोरही सांगेल. वर रंगाचा कारखाना, त्याचं पाणी पिण्याजोगं. खाली ओढा, त्यात शिसं. मधे दुसरं काहीही नाही. कुणालाही समजेल.

केल्या दोन्ही सह्या. घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आणि समजून घ्यायचंच नसलं तर?" मी चिडले. म्हटलं, तुम्ही नेहमी असंच अवसानघातकी बोलता.

१३ मार्च, शुक्रवार

सुनावणी!

लांबलचक टेबल, समितीचे सात जण. मॅनेजरने पडद्यावर चित्रं दाखवली — कारखान्याच्या आवारातली झाडं, शाळेच्या मुलांना बक्षिसं, कापडी पिशव्यांचं वाटप. चाळीस मिनिटं. मला तीन मिनिटं दिली.

टेबलावर नळाच्या पाण्याचा जग होता. एका पेल्यात ओतलं, पर्समधून कुपी काढली, थेंब टाकले. गुलाबी. म्हटलं, "हे तुमच्या नळाचं पाणी. कारखान्याचं सांडपाणीही असंच गुलाबी झालं. या दोन्हींत फरक नाही." अध्यक्षांनी आपला पेला हळूच लांब सरकवला.

"हा घटक फॉर्मात आहे का?" उद्योग खात्याच्या माणसाने विचारलं. नाही, म्हटलं. "मग नोंद घेता येणार नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या क्षणी तो जग उचलून... जाऊ दे.

मग दुसरा अहवाल वाचला. हातपंप. नऊपट. मग म्हटलं, वस्तीत मुलं आहेत, आणि अहवाल अध्यक्षांपुढे ठेवला. तीन मिनिटं केव्हाच संपली होती, पण कुणी घंटी वाजवली नाही. अध्यक्षांनी अहवाल हातात घेतला. शेवटपर्यंत वाचला. खरंच वाचला! म्हणाले, "हे फार गंभीर आहे. किती घरं आहेत तिथे?"

"एकशे बारा."

"याची तातडीने दखल घेतली जाईल. तुमचं काम चोख आहे, बाई."

बाहेर आल्यावर पायरीवर बसले. साहेब शेजारी येऊन बसले, म्हणाले, "जिंकलात." ताईला फोन लावला. ती म्हणाली, "मला ठाऊकच होतं. लहानपणीसुद्धा तू एकदा धरलंस की सोडायची नाहीस."

१७ मार्च, मंगळवार

वस्तीत पिण्याच्या पाण्याचा टँकर सुरू झाला! रोज सकाळी. हातपंपाला लाल रंग दिला आणि साखळी घातली. मावशींनी ऑफिसभर सांगितलं, जसा काही टँकर त्यांनीच धाडला. हो-हो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला, आणि "हो-हो" न म्हणता म्हणाला, "मॅडम, माझं चुकलं."

२२ मार्च, रविवार

ताईकडे. सरकारी माणसं येऊन गेली. फीत घेऊन घरन् घर मोजलं — लांबी, रुंदी, माणसं किती, कधीपासून राहता. सगळं लिहून नेलं. वस्तीत आनंद. घरोघर नळ देणार असं सगळे म्हणतात. ताईने त्यांना चहा केला, फीत धरायलाही मदत केली. "दोन तोट्या मागितल्यात मी," म्हणाली. "एक आत, एक बाहेर."

नातीचं रक्त तपासायला दिलंय.

३१ मार्च, मंगळवार

अजून आदेश नाही. नातीच्या रक्तात शिसं आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं, यापुढे पोटात जायला नको. यापुढे जाणार नाही. मी आहे ना.

६ एप्रिल, सोमवार

आदेश आला. कारखान्याचे सांडपाणी मर्यादेत, पाहा अहवाल पहिला. ओढा व हातपंप दूषित, पाहा अहवाल दुसरा. दोहोंच्या मधे अन्य उद्योग नाही, सबब दूषितीकरण वस्तीमुळे होत असल्याचे सिद्ध होते. एकशे बारा घरे तीस दिवसांत रिकामी करावीत. मोकळी होणारी जागा झाडे लावण्यासाठी कारखान्याकडे सोपवावी. परवाना मंजूर. मागे दोन्ही अहवाल जोडलेत.

ताईचा फोन आला. तिलाही प्रत मिळाली आहे. "मोठमोठे शब्द आहेत गं, मला काही उमगत नाही. पण खाली दोन्हीकडे तुझी सही दिसली आणि जीव भांड्यात पडला. सगळ्यांना सांगितलं, माझ्या बहिणीने करून दाखवलं. आता तूच वाचून दाखव."